शंभर हातांचा विष्णू आणि चोरलेलं पुस्तक

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठाण्याचे एक मामा आहेत. निवृत्त, वाचणारे, पहाटे फिरायला जाणारे. पश्चिम आशियात युद्धाची ठिणगी पडली की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून हमखास एक लांबलचक मेसेज येतो. जगातल्या सगळ्या बँका एकाच घराण्याच्या, दोन्ही महायुद्धं त्यांनीच लावली, वर्तमानपत्रं त्यांची, साथीचे रोगही त्यांचेच. घराण्याचं नाव ‘रोथचाइल्ड’. खाली जोडलेले हात आणि ‘जागे व्हा’ अशी विनंती.

मामांना ज्यू लोकांचा काडीचाही राग नाही. मेसेज कुणी लिहिला तेही त्यांना ठाऊक नाही. पण त्या मेसेजमधली प्रत्येक ओळ कुठून आली हे शोधता येतं, आणि शोधत गेलं की वाट जवळजवळ नऊशे वर्षं मागे जाते.

आधी दोन शब्दांचा उलगडा करून टाकू. ‘अँटिसेमिटिझम’ला आपण ज्यूद्वेष म्हणू. जर्मनीतल्या विल्हेल्म मार नावाच्या लेखकाने १८७९ च्या सुमारास तो मूळ शब्द रूढ केला. जुन्या द्वेषाला शास्त्रीय वाटेल असं नाव त्याला हवं होतं. ‘अरबही सेमिटिकच (म्हणजे हिब्रूच्याच भाषाकुळातले) की, मग ते ज्यूद्वेषी कसे?’ असा मुद्दा नेहमी काढला जातो. पण मारला अरबांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याचा रोख फक्त ज्यूंवर होता. दुसरा शब्द कटकथा. जगात वाईट घडतं ते लोभामुळे, मूर्खपणामुळे किंवा योगायोगाने नव्हे, तर मूठभर लोक बंद दाराआड बसून ते ठरवतात, असं सांगणारी गोष्ट म्हणजे कटकथा.

एका मुलाचं प्रेत

इंग्लंडमधल्या नॉरिच गावाजवळच्या रानात ११४४ साली विल्यम नावाच्या बारा वर्षांच्या मुलाचं प्रेत सापडलं. तो कातड्याचं काम शिकत होता. खून कुणी केला हे कधीच सिद्ध झालं नाही. काही वर्षांनी थॉमस नावाचा एक ख्रिस्ती साधू त्या गावात राहायला आला आणि त्याने या मुलावर पुस्तक लिहिलं. ज्यूंनी येशूची विटंबना म्हणून मुलाचा छळ करून जीव घेतला, असं त्यात रंगवून सांगितलं होतं. शिवाय त्याने एक पुस्ती जोडली: ज्यूंचे प्रमुख फ्रान्सातल्या नार्बोन शहरात दरवर्षी जमतात आणि यंदा कुठल्या देशातलं मूल मारायचं याच्या चिठ्ठ्या टाकतात.

ही गुप्त बैठक लक्षात ठेवा. साडेसातशे वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

मूल मारणारा परका ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. पुलाच्या पायात मूल पुरल्याशिवाय पूल उभा राहत नाही म्हणून पोरं धरणारे फिरतात, हे ऐकत आपल्याकडच्या कित्येक पिढ्या वाढल्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती आणि हे पाच जण भिक्षा मागत गावात आले होते. एवढंच निमित्त.

युरोपात मात्र ही अफवा विझली नाही, तिला देवस्थान मिळालं. मेलेल्या मुलाचा संत झाला की गावात यात्रेकरू येतात, चर्चला दान मिळतं. पुढे गोष्टीत रक्त आलं: ज्यू सणाच्या भाकरीत ख्रिस्ती मुलांचं रक्त घालतात. वास्तविक ज्यू धर्मात कुठल्याही प्राण्याचं रक्त वर्ज्य आहे. मांस मीठ लावून, रक्त निथळवून मगच शिजवतात. पोप चौथे इनोसंट यांनी १२४७ मध्ये हा आरोप खोटा असल्याचं लेखी कळवलं होतं. तरी १४७५ मध्ये इटलीच्या उत्तरेकडच्या ट्रेंटो शहरात सायमन नावाच्या लहानग्याच्या मृत्यूनंतर तिथल्या ज्यूंकडून हालहाल करून कबुल्या घेतल्या आणि त्यांना मारलं. तेव्हा छापखाना नवा होता. सायमनची चित्रं आणि कहाण्या छापून भराभर पसरल्या. चर्चने त्याची संत म्हणून होणारी पूजा बंद केली ती १९६५ मध्ये.

आग असल्याशिवाय धूर निघतो का?

हा पहिला आक्षेप. इतक्या ठिकाणी, इतकी वर्षं लोक बोलतात म्हणजे काहीतरी असेलच ना?

१३४८ मध्ये युरोपात प्लेग आला. ज्यूंनी विहिरींत विष टाकलं म्हणून माणसं मरतात, असं लोक बोलू लागले. पोप सहावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी दिलेलं उत्तर कुठल्याही शाळकरी मुलाला कळेल असं होतं. ज्यूही याच रोगाने मरतायत, आणि जिथे एकही ज्यू नाही तिथेही रोग आहे. उत्तर बिनतोड होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना जाळण्यात आलं. प्लेग तोवर त्या शहरात पोचलाही नव्हता. लोकांनी त्यांच्याकडून घेतलेली कर्जं मात्र माफ झाली.

इंग्लंडचं उदाहरण याहून बोलकं आहे. १२९० मध्ये राजाने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्यानंतर शंभर वर्षांनी कवी चॉसर ज्यूंनी मूल मारल्याची कथा पद्यात सांगतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच आयुष्यात ज्यू पाहिलेला नसतो. धूर होता, पण आग लागायला चूलच शिल्लक नव्हती.

पण सावकारी तर ते करायचे ना?

काही ज्यू करायचे. का करायचे ते बघू. मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी ज्यूंना शेतजमीन घेता येत नसे आणि कारागिरांच्या संघांत प्रवेश नसे. दुसरीकडे ख्रिश्चनांनी व्याज घेणं पाप ठरलेलं होतं. राजांना आणि सरदारांना कर्ज तर हवंच होतं. एक दार उघडं ठेवायचं, माणूस त्यातून आत आला की म्हणायचं, बघा, हे नेहमी याच दाराने येतात. शिवाय राजा ज्यू सावकारांवर जबर कर लादून तो पैसा काढून घ्यायचा. म्हणजे वसुलीचा राग सावकाराच्या नावावर आणि मलई राजवाड्यात.

मार्च ११९० मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात सुमारे दीडशे ज्यू किल्ल्याच्या बुरुजात अडकून मेले. बऱ्याच जणांनी स्वतःच जीव दिला, उरलेले मारले गेले. तिथून जमाव थेट मोठ्या चर्चमध्ये गेला आणि तिथे ठेवलेली कर्जाची कागदपत्रं जाळली. हे वाचताना मला आपलं सुपे आठवतं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे पेटवले आणि त्यातून दख्खनचे दंगे उसळले. आपले शेतकरी मुख्यतः कागदाच्या मागे होते. पिळवणूक खरी होती, रागही खरा होता, आणि तो मारवाडी-गुजराती सावकारांवर होता. पण त्यातून ‘जगभरचे सावकार मिळून सूर्यग्रहण घडवतात’ अशी गोष्ट निघाली नाही. युरोपात निघाली.

मामांच्या मेसेजमधलं घराणं इथेच येतं. मायर आम्शेल रॉथशील्ड हा फ्रँकफुर्टच्या ज्यूंच्या कोंडवाड्यासारख्या गल्लीत जन्मला. त्याच्या पाच मुलांनी फ्रँकफुर्ट, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि नेपल्स या पाच शहरांत पेढ्या चालवल्या. एकोणिसाव्या शतकात हे घराणं प्रचंड श्रीमंत होतं, यात शंका नाही. १८४६ मध्ये पॅरिसात ‘सैतान’ या टोपणनावाने एक पत्रक निघालं. नाथान रॉथशील्ड १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीवर हजर होता, नेपोलियन हरल्याचं बघून तो वादळात समुद्र ओलांडून लंडनला पोचला आणि शेअर बाजारात त्याने अफाट पैसा केला, असं त्यात होतं. नाथान त्या दिवशी लंडनमध्येच होता. १९४० मध्ये नाझींनी याच कहाणीवर चित्रपट काढला. आज तीच कहाणी नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘इतिहासात दडवलेलं सत्य’ म्हणून फिरते.

मोकळे झाले आणि ‘अदृश्य’ झाले

इथे एक वळण आहे, ते सहसा सांगितलं जात नाही. ज्यू जोवर वेगळ्या गल्लीत, वेगळ्या पोशाखात होते तोवर त्यांच्याबद्दलच्या गोष्टी मूल, विहीर, रक्त अशा गावपातळीच्या होत्या. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९१ मध्ये त्यांना नागरिकत्व दिलं आणि हळूहळू इतर देशांतही दारं उघडली. ज्यू डॉक्टर, वकील, पत्रकार, सैन्यातले अधिकारी दिसू लागले आणि कपड्यांवरून ओळखू येईनासे झाले. आता गोष्ट बदलली. ते कुठेही असू शकतात, आपल्यासारखेच दिसतात, म्हणजे लपून काहीतरी करत असणार. गावच्या विहिरीची जागा सरकारांनी, बँकांनी आणि छापखान्यांनी घेतली. जुना धंदा मोडलेला कारागीर, गादी जाण्याची भीती असलेला सरदार आणि क्रांतीने हादरलेला पाद्री या तिघांनाही एकच उत्तर परवडत होतं.

त्यामुळेच या गोष्टींत विसंगती ठासून भरलेली आहे. भांडवलशाही ज्यूंची आणि साम्यवादही ज्यूंचाच. पण ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, उलट ‘दोन्ही बाजू त्यांच्याच हातात’ हे आणखी भारी वाटतं.

विष्णूला हात किती?

१९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ या वर्तमानपत्रात एक मालिका छापून आली. तिचा संपादक पावेल क्रुशेव्हान. याच माणसाच्या दुसऱ्या वर्तमानपत्राने त्याच वर्षी किशिनेव्ह शहरात ज्यूंनी मूल मारल्याची आवई उठवली होती. एप्रिलमध्ये तिथे दंगल होऊन ४९ ज्यू मारले गेले होते. नव्या मालिकेत जगावर राज्य करण्याचा बेत आखणाऱ्या ज्यू पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकांचं टिपण होतं. नार्बोनची ती चिठ्ठ्या टाकणारी बैठक, नव्या कोटात. १९०५ मध्ये सर्गेई निलुस याने ते आपल्या धार्मिक पुस्तकाला जोडून छापलं. ‘झायनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल’ हे त्याचं नाव आणि प्रकरणं चोवीस.

रशियन क्रांतीनंतर पळालेल्या लोकांच्या पेट्यांतून ते युरोपभर गेलं. लंडनच्या ‘टाइम्स’ने मे १९२० मध्ये ‘हे खरं असेल तर?’ अशा सुरात त्यावर लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याच ‘टाइम्स’च्या इस्तंबूलमधल्या बातमीदाराच्या, फिलिप ग्रेव्ह्जच्या, हाती एका रशियन निर्वासिताने एक जुनं फ्रेंच पुस्तक ठेवलं. मुखपृष्ठाचं पान फाटलेलं, पुठ्ठ्याच्या कण्यावर फक्त ‘जोली’ हे नाव. मोरिस जोली नावाच्या वकिलाने १८६४ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनची टर उडवण्यासाठी ते लिहिलं होतं. नरकात मॅकियाव्हेली आणि मोंतेस्क्यू हे दोन जुने राजकीय विचारवंत गप्पा मारतात अशी कल्पना. त्यापायी जोलीला तुरुंगवासही झाला. त्या पुस्तकात ज्यू कुठेच नाहीत.

ग्रेव्ह्जने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, तर प्रोटोकॉलमधले परिच्छेदच्या परिच्छेद जोलीतून उचललेले. सम्राटाच्या तोंडची कारस्थानी वाक्यं काढून ज्यूंच्या तोंडी घातलेली. त्यातलं एक वाक्य मराठी वाचकाने आवर्जून बघावं. जोलीचा मॅकियाव्हेली म्हणतो, माझ्या वर्तमानपत्रांना विष्णू देवासारखे शंभर हात असतील. प्रोटोकॉलमधले ज्यू पुढारीही म्हणतात, आमच्या वर्तमानपत्रांना विष्णूसारखे शंभर हात असतील!

आपला विष्णू चतुर्भुज. शंख, चक्र, गदा, पद्म, संपले हात. हिंदुस्थानाबद्दल ऐकीव माहिती असलेल्या एका पॅरिसच्या वकिलाने ते शंभर केले. परीक्षेत दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर मास्तर काही म्हणत नाहीत. पण दोघांनीही सतरा साते एकशे सत्तावीस लिहिलं असेल तर कुणीतरी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलेलं असतं. जगावर राज्य करायला निघालेल्या महाधूर्त मंडळाने आपल्या गुप्त बैठकीत एका जुन्या विनोदी पुस्तकातली चूक शब्दशः बोलून दाखवावी, याला काय म्हणायचं?

खोटं ठरलं, मग संपलं का नाही?

ऑगस्ट १९२१ मध्ये ‘टाइम्स’ने चोरी उघड केली. १९३५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या न्यायाधीशांनी हे पुस्तक बनावट आणि उचलेगिरी असल्याचा निकाल दिला. दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने खटल्यातल्यांना सोडलं ते अश्लील साहित्याचा कायदा इथे लागू होत नाही म्हणून. पुस्तक खरं आहे असं त्या कोर्टानेही म्हटलं नाही. पण तोवर अमेरिकेत मोटारवाले हेन्री फोर्ड यांनी १९२० पासून आपल्या साप्ताहिकातून या कटकथा घरोघरी पोचवल्या होत्या. त्यांच्या गाड्यांच्या दुकानांतूनही तो अंक मिळे. त्यांच्यावर खटला झाल्यावर १९२७ मध्ये त्यांनी माफी मागितली. जर्मनीत त्या लेखांची भाषांतरं मात्र खपतच राहिली.

हिटलरचा युक्तिवाद तर बघण्यासारखा आहे. वर्तमानपत्रं हे बनावट आहे म्हणून इतकी ओरडतात, हाच ते खरं असल्याचा पुरावा, असं त्याने लिहून ठेवलंय. गावातल्या भगताचा कारभार असाच असतो. उताऱ्याने ताप उतरला तर भगताची करामत, नाही उतरला तर तुमचं काहीतरी चुकलं. भगताला हरायची सोयच नाही. कटकथेचंही तेच: पुरावा सापडला तर कट सिद्ध झाला, नाही सापडला तर तो किती हुशारीने दडवला बघा! अशा गोष्टीला आणखी पुरावे देऊन खोडता येत नाही, कारण ती मुळात पुराव्यावर उभीच नसते. साठ लाख ज्यू मारले गेले तेव्हा मारणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी होती की आपण स्वतःचा बचाव करतो आहोत.

आणि युद्धानंतरही थांबलं नाही. ४ जुलै १९४६ ला पोलंडमधल्या किएल्त्से शहरात ४२ ज्यू मारले गेले. त्यांतले बहुतेक नाझींच्या संहारातून वाचलेले होते. ज्यूंनी तळघरात कोंडलं होतं असं एक आठ वर्षांचा मुलगा म्हणत होता. त्या घराला तळघरच नव्हतं. पोरगा घरी न सांगता दूरच्या गावी गेला होता, तिथे चेरी मिळतात म्हणून.

अरब देशांतही हा माल युरोपातून गेला. १८४० मध्ये दमास्कसमध्ये एक ख्रिस्ती धर्मगुरू बेपत्ता झाला, तेव्हा रक्ताचा जुना आरोप रेटण्यात तिथला फ्रेंच सरकारचा प्रतिनिधी (कॉन्सल) पुढे होता. ‘हमास’च्या १९८८ च्या सनदेत प्रोटोकॉलचा उल्लेख खरा दाखला म्हणून येतो.

खरी कारस्थानंही होतातच की!

होतात, आणि त्यांतलं एक एका ज्यूविरुद्धच होतं. फ्रेंच सैन्यातला कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस १८९४ मध्ये हेरगिरीसाठी दोषी ठरला. खरा हेर दुसराच होता. हे उघड होऊ नये म्हणून हेरखात्यातल्या अधिकाऱ्याने, मेजर आंरीने, खोटं पत्र बनवलं. १८९८ मध्ये ते पकडलं गेलं, कारण दोन वेगवेगळ्या कागदांचे तुकडे जोडताना त्यांवरच्या रेघांचा रंग जुळत नव्हता. ड्रेफस १९०६ मध्ये निर्दोष ठरला. खरी कारस्थानं अशी असतात: ठरावीक माणसं, ठरावीक हेतू, चुका, आणि मागे राहिलेला कागद. नऊशे वर्षं, सगळ्या देशांत, एकही माणूस न फुटता चालणारं कारस्थान कुणी पाहिलेलं नाही. आपल्याकडे पाच भावांची सोसायटीची मीटिंग गुप्त राहत नाही.

मग इस्रायलवर टीका करायची नाही?

खुशाल करावी. गाझामधले बाँबहल्ले, वसाहती, तिथल्या सरकारचे निर्णय यांवर इस्रायलमधले ज्यू स्वतः रस्त्यावर उतरून बोलतात. सरकारचं नाव, निर्णय, तारीख असलेली टीका ही टीकाच असते. ‘हे लोक मुळात असेच, पडद्यामागून सगळं हेच चालवतात’ इथे वाक्य वळलं की समजावं, नार्बोनची बैठक भरली.

आपला काय संबंध?

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत आलेल्या दहा जणांपैकी दोघांनी कुलाब्याच्या गल्लीतलं नरिमन हाउस, म्हणजे ज्यूंचं केंद्र, शोधून काढलं. तिथे रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि त्यांची गरोदर पत्नी यांच्यासह सहा जण मारले गेले. ताज किंवा सीएसटी कुणालाही सापडेल. ही इमारत शेजारच्या गल्लीतल्यालाही धड माहीत नव्हती.

गोव्याचा दाखला त्याहून जुना आहे. वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आले. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. त्यांचं घराणं पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंपैकी. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसलं. ते हिंदूंच्याही मागे लागलं आणि ‘आतून अजून ज्यूच’ असल्याचा संशय असलेल्यांच्याही. ओर्ता १५६८ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये ओर्तांची हाडं उकरून जाळली.

पण हे पोर्तुगिजांनी आणलेलं होतं. कोकणात बेने इस्रायल नावाचे मराठी बोलणारे ज्यू शतकानुशतकं राहिले. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरात मराठी, ज्यू पुराणकथांवर मराठीत कीर्तनं. इस्रायलला गेल्यावरही त्यांच्यातल्या काहींनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. जर्मनीने ज्या दशकात ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं त्याच दशकात मुंबईचे महापौर होते डॉ. ई. मोझेस, वरळीचा रस्ता आहे ते. बगदादहून आलेले डेव्हिड ससून तर गडगंज श्रीमंत होते, अफू आणि कापसात कमावलेले. आपल्याला त्यांचं इस्पितळ आणि ससून डॉकची मासळी आठवते. कुणाला जागतिक कट आठवत नाही.

या फेरीला मी मामांना फोन केला. त्यांच्या फिरायच्या वाटेवर, ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलसमोर, १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, ते माहीत आहे का विचारलं.

“म्हणजे काय! माझ्या वर्गातला पेणकर तिथलाच,” मामा म्हणाले. “त्याच्या लग्नाला गेलोय मी. मलिदा खाल्लाय.”

मग तुम्ही पाठवता तो मेसेज त्याच्याबद्दलच आहे की, मी म्हटलं.

“छे, छे,” मामा म्हणाले. “ते ज्यू वेगळे. हे आपले.”